जांभळ्या माळासाठी पाच दिवस द्यावेत का?

प्रश्न : ताई, मी सांगलीची निवृत्त शिक्षिका, वय ६१. यजमान ६८ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी दोन वर्षांपासून हॅम्बुर्गला नोकरी करते, यंदा ऑगस्टमध्ये तीन आठवडे तिच्याकडे जातोय. तिच्याकडच्या एका कॅलेंडरवर जांभळ्या माळाचा फोटो पाहिला, खाली ‘ल्युनेबुर्गर हायडे’ असं लिहिलं होतं. जवळच ल्युनेबुर्ग नावाचं जुनं गाव आहे म्हणे. मला तिथे पाच दिवस राहायचंय. मुलगी म्हणते, ‘आई, लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात.’ हे म्हणतात, ‘जांभळी फुलंच बघायची तर कास काय वाईट होतं? त्यापेक्षा स्वित्झर्लंड करू.’ आम्ही शाकाहारी आहोत, माझे श्रावणी सोमवार असतात आणि गणपतीला घरी हवंच. माझा हट्ट चुकीचा आहे का? ता. क. मुलीसाठी घरचं तूप नेता येईल का?

उत्तर : हट्ट बरोबर आहे, पण कारण थोडं बदला. फुलांसाठी पाच दिवस मागितलेत तर यजमान कासचं नाव काढून तुम्हाला गप्प करणार. गावासाठी मागा. आणि खरं सांगायचं तर त्या गावात तुमच्यापेक्षा तेच जास्त रमतील, कारण ते गाव गेली कित्येक शतकं खचतंय. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला याहून मोठं आमिष मी तरी दाखवू शकत नाही.

झालंय असं की ल्युनेबुर्गच्या पोटात मिठाचा प्रचंड साठा आहे. तिथे आपल्यासारखी समुद्राच्या पाण्याची मिठागरं नाहीत. जमिनीखालचं खारं पाणी वर काढायचं आणि शिशाच्या कढयांत आटवायचं. ५४ भट्टीघरं, प्रत्येकात चार, अशा २१६ कढया रात्रंदिवस रटरटत असत. इसवी सन ९५६ च्या दानपत्रात इथल्या मिठाच्या जकातीचा उल्लेख आहे आणि कारखाना बंद पडला तो थेट १९८० साली. म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळ एकच धंदा. मीठ उत्तरेला ल्युबेक बंदरात जायचं आणि तिथून हेरिंग मासे खारवायला लागायचं. मध्ययुगातल्या ख्रिस्ती युरोपात उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासे चालायचे, त्यामुळे खारवलेल्या हेरिंगला मरण नव्हतं. थोडक्यात, दुसऱ्यांच्या उपासावर गब्बर झालेलं हे गाव आहे. तुम्ही सोमवारी बटाटा खाताना हे आठवा.

आता एवढं मीठ खालून निघून गेल्यावर वरचं काय होणार? गावाच्या पश्चिमेचा भाग बसत गेला. भूजल अजूनही मीठ विरघळवतंच आहे, म्हणून कारखाना बंद झाला तरी जमीन थांबलेली नाही. संत लाम्बेर्टीचं चर्च इतकं हललं की १८६० च्या सुमारास ते पाडावंच लागलं. आज तिथे मोकळा चौक आहे. यजमानांना त्या भागात सोडा आणि शांतपणे कॉफी प्यायला जा. तासाभराने ते परत येतील ते भिंतींचे फोटो दाखवतच. कुठली चौकट किती कलली, कुठली खिडकी चौकोनाची काय होऊन बसली, सगळं सांगतील.

तिथलं ‘गरोदर घर’ मात्र स्वतः जाऊन बघा. वागेश्ट्रासे नावाच्या छोट्या गल्लीत, नगरभवनाच्या जवळच. विटांची भिंत पहिल्या मजल्यापाशी अशी पुढे आलीय की सातवा महिना लागलाय असं वाटावं. ते घर मात्र खचण्यामुळे फुगलेलं नाही. जुन्या गवंड्यांनी चुन्याऐवजी जवळच्या टेकडीतल्या जिप्समचा गिलावा वापरला आणि भट्टीत तो जरा जास्तच भाजला गेला. असा करपलेला जिप्सम वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पीत राहतो आणि फुगतो. विटा बिचाऱ्या त्याच्यासोबत पुढे सरकतात. मी हात लावून पाहिला. वीट गार आणि खडबडीत, आणि दोन विटांमधल्या सांध्यात पांढुरकी पूड. लाल विटांचं हे सगळं गावच मोठं देखणं आहे. युद्धातल्या बॉम्बफेकीतून ते बहुतांशी वाचलं, त्यामुळे जे जुनं दिसतं ते खरोखर जुनं आहे.

इल्मेनाऊ नदीच्या काठी जुनी लाकडी क्रेन उभी आहे. आजचं तिचं रूप १७९७ चं. आत माणसं मोठ्या चाकांत चालत राहायची आणि त्या बळावर माल उचलला जायचा. १८४० मध्ये इंग्लंडहून आलेलं रेल्वेचं इंजिन तिने बोटीतून उतरवलं, सुमारे नऊ टनांचं. रेल्वेचं इंजिन माणसांच्या पायांनी उचललं, हे वाक्य यजमानांना नुसतं ऐकवा आणि पुढचं त्यांच्यावर सोपवा. स्वित्झर्लंडचा विषय पुन्हा निघणार नाही, निघालाच तर जेवणानंतर.

मिठाचं संग्रहालय जुन्या कारखान्यातच आहे, शेजारी चक्क सुपरमार्केट. तिथे वेगवेगळ्या ठिकाणची मिठं चाखायला मिळतात. नगरभवन आतून बघायचं तर गाइडबरोबरच जावं लागतं. ते कामच सुमारे १२३० पासून सुरू झालेलं आणि पुढे शतकानुशतकं वाढवत नेलेलं आहे. आत एक हाड जपून ठेवलंय. गोष्ट अशी सांगतात की शिकाऱ्यांनी एक रानडुकरीण मारली, ती उन्हात वाळल्यावर तिच्या केसांवर पांढरे खडे चमकले, माग काढत गेले तर खाऱ्या पाण्याचा झरा सापडला. ते हाड तिचंच म्हणे. आपल्याकडे गाईने पान्हा सोडला की खाली पिंड सापडते, तिथे डुकरिणीच्या अंगावर मीठ. नगरभवनाच्या मनोऱ्यात माइसेनच्या चिनी मातीच्या ४१ घंटा आहेत. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला वाजतात. सहाची वेळ गाठा, तोवर एका दिवसात ‘उरकून’ जाणारी मंडळी स्टेशनकडे निघालेली असतात. तुमच्या मुलीला माझा निरोप सांगा की गाव खरं त्यानंतर सुरू होतं.

संत योहानिस चर्चचा १०८ मीटरचा कळस वाकडा आहे. दंतकथा अशी की बांधणाऱ्याला ते उशिरा लक्षात आलं, लाजेने त्याने वरून उडी घेतली, नेमकी खालून गवताची गाडी चाललेली, वाचला. आनंदाने गुत्त्यात जाऊन इतकी प्यायला की बाकावरून पडून मेला. संत मिखाएलिस चर्चमध्ये मात्र दंतकथा नाही, खरा इतिहास आहे. योहान सेबास्टियन बाख १७०० साली, पंधराव्या वर्षी, गोड गळ्याच्या गरीब मुलांसाठीच्या इथल्या शाळेत गायला आला. आतले खांब निरखा, तेही खचण्याने कललेले आहेत.

आता माळ. तुमच्या कॅलेंडरवरचा फोटो खरा आहे, पण कॅलेंडरवाला बरोबर त्या आठवड्यात गेला होता. मी पहिल्यांदा गेले ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आणि मला दिसला तो नुसता तपकिरी, काटक्या-काटक्यांचा माळ. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी बोटांवर मोजून हिशेब सांगितला : आठ-आठ ते नऊ-नऊ. म्हणजे ८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर. तिथला हा पाठच आहे. त्यातही ऑगस्टचा दुसरा पंधरवडा सर्वांत भरवशाचा. पण हाही नुसता अंदाज. २०१८ सारखा कोरडा उन्हाळा गेला तर झुडपं करपतात आणि फुलोरा मार खातो. म्हणूनच म्हटलं, मुक्काम गावात करा, माळाचे दोन दिवस मोकळे ठेवा आणि हवा बघून त्या दिवशी निघा. पाच दिवसांचा खरा फायदा हाच. एका दिवसाच्या सहलीला पाऊस लागला की संपलं, आणि उत्तर जर्मनीचा ऑगस्ट पावसाला नाही म्हणत नाही.

कासबद्दल यजमानांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण कासच्या खडकावर इवलीइवली रोपं, नाना जातींची, पंधरवड्यागणिक रंग पालटणारी. इथे एकच झुडूप, कालुना नावाचं, गुडघ्याएवढं, लाकडी खोडाचं, आणि नजर जाईल तिथवर तेच. मध्येमध्ये जुनिपरची गर्द हिरवी, उंच झाडं माणसांसारखी उभी. संध्याकाळी धुक्यात दोनदा मी त्यांना माणसं समजून ‘गुटन आबेंड’ म्हटलंय.

शिवाय हा माळ निसर्गाने केलेला नाही. जंगल तोडून, जाळून, मेंढ्या चारून माणसाने तो घडवला. शेतकरी झुडपांसकट मातीचे थर खरवडून न्यायचे, गोठ्यात अंथरायचे आणि शेणामुताने भिजले की शेतात टाकायचे. त्यामुळे माळाची जमीन आणखी निकस होत गेली, आणि निकस जमिनीतच हे झुडूप फोफावतं. मिठाच्या भट्ट्यांना लाकूड लागलं म्हणून माळ झाला, असं बरेच जण ठोकून देतात. भट्ट्यांनी हातभार लावला असेल, पण माळाची सुरुवात त्याच्या हजारो वर्षं आधीची आहे. आज चराई थांबवली तर बर्च आणि पाइनची रोपं वर येऊन पुन्हा जंगल होईल. म्हणून हायडश्नुकं नावाच्या मेंढ्यांचे कळप मुद्दाम राखलेत : करड्या लोकरीच्या, काळ्या तोंडाच्या, शिंगांच्या. कोकरं जन्मतात ती संपूर्ण काळी. मेंढपाळ सांगतात, या मेंढ्या चालताना झुडपांवरची कोळ्यांची जाळी तोडतात आणि मधमाश्यांना वाट मोकळी होते. कळप दिसला तर थांबा, घाई करू नका. आधी ऐकू येतं ते झुडपं तुटण्याचं कुरकुर कुरकुर, मग घंटा, आणि मग वास.

कुठे जायचं? विल्झेडे. माळाच्या मधोमध हे छोटं गाव आहे, तिथे पाहुण्यांच्या मोटारी जात नाहीत. उंडेलोह किंवा ओबरहाफरबेकला गाडी लावायची आणि पुढे पायी, सायकलने किंवा घोडागाडीने. तुम्ही जाताना घोडागाडी घ्या. वाळूची वाट आहे, गाडी बऱ्यापैकी हलते, यजमानांना कडेची जागा देऊन पाय लांब करता येईल असं बघा. विल्झेडेहून विल्झेडर बेर्ग जवळच आहे. ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर, पण उंची समुद्रसपाटीपासून अवघी १६९ मीटर. त्या सपाट मुलुखात हेच शिखर. चढण इतकी सौम्य की गुडघ्याने कुरकुरू नये. गणितज्ञ गाऊसने हानोव्हर राज्याच्या मोजणीत या टेकडीचा उपयोग केला होता. जर्मनीच्या जुन्या दहा मार्कांच्या नोटेवर तो आणि त्याच्या त्या मोजणीचे त्रिकोण छापलेले असत. मोजणीवाल्या माणसाला सांगण्यासारखी ही दुसरी गोष्ट.

त्याच बाजूला टोटेनग्रुंड नावाची खोलगट दरी आहे, फुलोरा सगळ्यात सुंदर तिथे. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे शनिवार-रविवारची घरं बांधली जाणार होती. एगेस्टोर्फ गावच्या विल्हेल्म बोडे नावाच्या पाद्र्याने १९०६ मध्ये एका प्राध्यापकाला पैसे घालायला लावून ती जमीन विकत घेववली, म्हणून वाचली. वाट सोडून झुडपांत फोटोसाठी उतरू नका, तिथले लोक हटकतात आणि बरोबरच करतात.

दुसरा दिवस आमेलिंगहाउजेनला घालवा. ल्युनेबुर्गपासून विसेक किलोमीटरवर, बसने जाता येतं, आणि क्रोन्सबेर्गचा छोटा माळ चालण्याच्या टप्प्यात आहे. ऑगस्टच्या मध्याला तिथे फुलांची जत्रा भरते, ‘हायडे-राणी’ निवडतात. गर्दी आवडत नसेल तर ते दिवस टाळा. विल्झेडेला मात्र मुलीने एक दिवस गाडी भाड्याने घेतलेली बरी. हंगामात हायडे-शटल नावाची मोफत बस फिरते, पण ल्युनेबुर्गहून तिथपर्यंत पोचायला बदलाबदली फार होते, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला बदलाबदली चालण्याहून जास्त जाचते.

हॅम्बुर्ग ते ल्युनेबुर्ग साधारण पन्नास किलोमीटर. रेल्वेने अर्धा-पाऊण तास. साध्या प्रादेशिक गाडीने जा, घाई कसली? राहायला ‘आम झांडे’ चौक आणि नदीकाठ यांच्या मधला भाग घ्या. एकच प्रश्न आवर्जून विचारा, लिफ्ट आहे का? जुन्या घरांतले जिने अरुंद आणि उभे असतात, आणि ‘ऐतिहासिक इमारत’ या शब्दांमागे बहुतेक वेळा तेच लपलेलं असतं. एका ठिकाणी मला तिसऱ्या मजल्यावर, दोराला धरून चढावं लागलं होतं. रस्ते गोट्यांचे आहेत, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत. उंचावरून गाव बघायचं तर जुन्या पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्यावर जा. तिथे लिफ्ट आहे, आणि पाण्याची टाकी म्हटल्यावर यजमान आधी पोचलेले असतील.

दिवस सोमवार ते शनिवार धरा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तुमचा उपासही असतो, तेव्हा तो दिवस प्रवासाचा. बुधवारी आणि शनिवारी सकाळी नगरभवनासमोर बाजार भरतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून आदल्या दिवशी फळं-दूध घेऊन ठेवा. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर आलेत, म्हणजे ऑगस्टचा शेवटचा आठवडा माळावर काढूनही तुम्ही आरामात मखराला लागाल. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, अंगावर आणू नका. विमा किमान तीस हजार युरोचा लागतो.

खाण्याची चिंता सोडा. माळाच्या वाळूत पिकणारा बटाटा तिथे नावाजलेला आहे. उकडलेले बटाटे आणि क्वार्क असा पदार्थ जवळजवळ सगळीकडे मिळतो. क्वार्क म्हणजे आपला चक्काच समजा, फक्त त्यात कांद्याची पात घालतात, उपासाला नको सांगा. परतलेल्या बटाट्यांत मात्र बहुधा डुकराचे तुकडे असतात. ‘ओहने श्पेक’ हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे ‘ते नको’. बुखवाइझनटोर्टे नावाचा केक खाल्ल्याशिवाय येऊ नका, आंबटसर लाल फळांचा मुरंबा आणि घट्ट मलई घातलेला. बुखवाइझन म्हणजे कुट्टू, निकस जमिनीत येणारं पीक. उत्तर हिंदुस्थानात ते उपासाला चालतं, पण केकमध्ये अंडी असतात, तेव्हा सोमवारी ती पळवाट नाही. अंडी मुळातच खात नसाल तर केक यजमानांच्या ताटातून नुसता बघा. मध घ्याच. माळाचा मध गडद, कडवटपणाकडे झुकणारा आणि जेलीसारखा थिजलेला असतो, पोळ्यातून फिरवून निघत नाही, दाबून काढावा लागतो. ढवळला की पातळ होतो आणि ठेवला की पुन्हा थिजतो. स्वयंपाकघरात बसून हा खेळ मी पंधरा मिनिटं केलाय.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. याच माळाच्या दक्षिण भागात, त्सेले गावाच्या बाजूला, बेर्गन-बेल्झनची छळछावणी होती. डायरी लिहिणारी आन फ्रांक तिथेच १९४५ मध्ये मरण पावली. जायचं असेल तर स्वतंत्र दिवस काढा, फुलांच्या दिवसाला जोडू नका. आणि जायचं नसेल तर त्याचा अपराधीपणाही नको.

आता तूप. नाही नेता येणार. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, चक्का सगळं आलं. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला न्या. ताजा नारळ मात्र खुशाल न्या, तो चालतो. तुपाचं म्हणाल तर तिथे बिनमिठाचं लोणी उत्तम मिळतं. चार पाकिटं घेऊन मुलीच्या शेगडीवर कढवा, आणि कढवताना खिडकी उघडी ठेवा, धुराची घंटा वाजते.